तिसरी मागणी

आमचा संघ वरच्या गटातून खाली घसरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी पत्रक लिहायला बसले आणि सव्वादहाला ते प्रेसमध्ये होतं. पाऊण तास. एवढ्या वेळात मी एका माणसाला मैदानाबाहेर काढलं. मला तसं करायचं नव्हतं, हे आता लिहून काही उपयोग नाही, तरी लिहिते. पत्रकात मी खोटं काही लिहिलं नव्हतं, हेही लिहिते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचा त्रास सारखाच होतो.

तो माणूस म्हणजे आमच्या क्लबचे कोच. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीचा हा क्लब. पत्र्याची एक खोली, एक मैदान, आणि शहराच्या लीगमध्ये वरच्या गटात एक जागा, एवढीच त्याची इस्टेट. कोचना सगळे काकाजी म्हणत. वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, उन्हात कानाला दुपट्टा बांधून लाइनवर उभे राहणारे. मुलीकडे बेसाला राहायला गेले तरी रोज सकाळी स्कूटरवरून अख्खं शहर ओलांडून प्रॅक्टिसला यायचे.

सहा वर्षांपूर्वी मी कॉलेजात होते आणि फुटबॉलशी माझा संबंध शून्य होता. मैदानाचा एक तुकडा पार्किंगला द्यायचं घाटत होतं, म्हणून आमच्या संघटनेनं सह्यांची मोहीम काढली होती. मी क्लिपबोर्ड घेऊन मैदानावर फिरत होते. काकाजींनी सोबतचं पत्रक हातात घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. त्या दिवसात शेवटपर्यंत वाचणारे ते पहिलेच. मग सही केली आणि म्हणाले, "झाली सही. आता मैदान काहून वाचवाचं ते पाहून तर जाय वं."

मी बसले. सहा वर्षं बसले.

ऑफसाइड त्यांनी मला चपलांनी शिकवलं. पोरांनी लाइनबाहेर काढून ठेवलेल्या चपला त्यांनी मातीत मांडल्या, ही आपली, ही त्यांची, हा बॉल. एक पोट्टा घरी निघाला आणि म्हणाला, "काकाजी, माही चप्पल?" काकाजी वर न बघता म्हणाले, "थांब बे, ते ऑफसाइड आहे अजून." तो बिचारा एका पायावर उभा राहिला, माझ्या डोक्यात शिरेपर्यंत.

आणि तेव्हापासूनच आमचं भांडण. काकाजी आपल्या अर्ध्या मैदानाला घर म्हणायचे. "घर सांभाळ बे!" ही त्यांची हाक रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर ऐकू जायची. आम्ही एक गोल केला की संपलं. पुढचा एक खेळाडू बाहेर, मागचा एक आत, आणि उरलेली मॅच सगळे आपल्याच गोलपोस्टपुढे गर्दी करून उभे. बॉल आला की मार लांब. परत आला की परत मार. मी कुंपणाच्या जाळीला तोंड लावून ओरडायचे, "काकाजी, घराबाहेर बी पडा ना कधी!" ते मागे न वळता म्हणायचे, "तू पड वं. तुह्या मोर्चात तुले कोण गोल मारते?"

मला ते पटायचं नाही, आजही पटत नाही. एवढीशी आघाडी उराशी धरून बसायचं आणि समोरचा ती हिसकावायला येईपर्यंत वाट बघायची, हे खेळणं नाही. मागच्या हंगामात अशा किती मॅच आम्ही शेवटच्या पाच मिनिटांत घालवल्या ते वस्तीतलं पोरगं न पोरगं सांगेल.

शेवटच्या मॅचला हिशेब सरळ होता. जिंकलो तर वरच्या गटात राहणार. हरलो किंवा बरोबरी झाली तर खाली. हे काकाजींनाही माहीत होतं, आम्हालाही. हाफटाइमला आम्ही एक–शून्यने पुढे होतो. कॉर्नरवर आमच्या नऊ नंबरनं डोकं लावलं होतं. बायका गच्चीवरून बघत होत्या, कोणी तरी स्टीलची ताटं वाजवत होतं. पंचवीस मिनिटं राहिली आणि लाइनवर पाटी वर झाली. नऊ.

नऊ नंबरनं आधी मागे पाहिलं, दुसऱ्या कोणाला तर नाही ना. मग बेंचकडे हात केला. "मी? काहून?"

"ये बाहेर," काकाजी म्हणाले. "घर सांभाळाचं आहे."

"नका काढू काकाजी!" मी ओरडले. माझ्या आजूबाजूचे पन्नास जण ओरडले. नऊ नंबर आला आणि डोक्यावर टॉवेल घेऊन बसला. त्यानंतर आमचे सगळे मागे. वीस-बावीस मिनिटं बॉल आमच्याच तोंडापुढे. दोन मिनिटं उरली असताना कोणाच्या तरी गुडघ्याला लागून तो आत गेला. आता आम्हाला गोल हवा होता आणि मैदानात गोल मारणारा कोणी नव्हता. मारणारा टॉवेलखाली बसला होता.

शिट्टी झाली. काही पोरं आडवी पडली.  काकाजी कॉर्नरचे झेंडे काढायला गेले, एक, मग दुसरा, अख्ख्या मैदानाला चक्कर मारून चारही. मी जाळीपाशी उभी होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मला वाटलं, तोंड लपवून राहिले. तेव्हा मला काही सुचत नव्हतं, आणि ज्याला काही सुचत नसतं त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन बसू नये. मी बसले.

इथे मला माझ्या धंद्याबद्दल सांगावं लागेल. पत्रक मनाला येईल तसं लिहीत नाहीत. संघटनेतल्या ताईंनी मला ते शिकवलं, आणि मी ते नीट शिकले. माणसाचं नाव घ्यायचं नाही, पदाचं घ्यायचं. मथळा प्रश्नात ठेवायचा. आणि मागण्या तीन. एक लगेच मिळेल अशी, एक लढून मिळेल अशी, आणि तिसरी सोडायची. ही तिसरी सगळ्यांत जड भाषेत लिहायची. कारण बोलणी सुरू झाली की ती आपण टेबलावरून उचलून घेतो, समोरच्याला आपण काही तरी परतवलं असं वाटतं, आणि पहिल्या दोन पदरात पडतात. आमच्या होस्टेलच्या आंदोलनात तिसरी मागणी होती वॉर्डनच्या निलंबनाची. पहिल्या दहा मिनिटांत सोडली. पाणी मिळालं, मेस सुधारली, आणि बोलणी संपल्यावर वॉर्डनबाईंनीच आम्हाला चहा पाजला. त्यांनाही ठाऊक होतं ती मागणी कशासाठी असते. मागणाऱ्यांना माहीत असतं, देणाऱ्यांना माहीत असतं. लिहायची रीतच ती.

तर मी लिहिलं. मथळा: "अजून किती दिवस घर सांभाळणार?" मागणी पहिली: आघाडी घेतल्यावर पुढचा खेळाडू बाहेर काढण्याचे भ्याड डावपेच बंद करावेत. मागणी दुसरी: मैदानाला पाण्याचा नळ आणि खेळाडूंना कपडे बदलायला खोली क्लबच्या कमिटीनं पुढच्या हंगामाआधी द्यावी. आणि तिसरी: या घसरणीची नैतिक जबाबदारी स्वीकारून प्रशिक्षकांनी तात्काळ राजीनामा द्यावा.

प्रेसवाल्यानं विचारलं, "तिसरी जाड टाइपात? नेहमीसारखी?"

"हो," मी म्हटलं. "नेहमीसारखी."

संध्याकाळी ते मैदानाच्या गेटवर वाटलं, वस्तीच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका लोकल न्यूज चॅनलचा फोन. आता हे चॅनल म्हणजे मोबाइलवर चालणारं, पण बघणारे भरपूर. सहा वर्षांत त्यांचा एक कॅमेरा आमच्या मैदानावर आला नव्हता. उन्हाळ्यात आमचे खेळाडू शेजारच्या घरून बादलीनं पाणी आणतात, तेव्हा कोणाला कॅमेऱ्यासमोर बाईट लागला नाही. गोलपोस्टचा पाइप गंजून एका पोराच्या पायाला लागला, तेव्हा मी स्वतः फोटो पाठवले होते. कोणी उत्तर दिलं नाही. आता मात्र त्यांना मी तासाभरात हवी होते. मी गेले. मला वाटलं नळाबद्दल बोलता येईल. मी किती भैताड होते बघा.

अँकर सूट घालून बसला होता, टेबलाखाली चप्पल. कॅमेरा सुरू झाला तसा त्याचा आवाज वर गेला.

"वस्तीचा विश्वासघात! कोण जबाबदार? मॅडम, तुम्ही कोचला भ्याड म्हटलं!"

"डावपेचांना भ्याड म्हटलं. माणसाला नाही."

"पण डावपेच कोणाचे? राजीनामा पाहिजे ना तुम्हाला? हो की नाही?"

"मागण्या तीन आहेत. दुसरी मागणी नळाची..."

"नळावर येऊ. आधी सांगा, असा कोच एक दिवस तरी राहावा का?"

मी त्या मोठ्या आवाजात ओढले गेले. मोर्चातही असं होतं, समोरून घोषणा आली की तोंड आपोआप उघडतं. मी म्हणाले, "घाबरून खेळणाऱ्याला वस्तीचा संघ चालवायचा हक्क नाही." म्हणाले मी. मीच. नळावर आम्ही आलो नाही. बाहेर येऊन मोबाइल पाहिला तर पट्टी फिरत होती: "भ्याड कोच हटाव!" मी परत आत गेले, म्हटलं हे मी बोललेच नाही, मी डावपेच म्हटलं होतं. अँकर दुपट्ट्यानं तोंडाची पावडर पुसत होता. अगदी साध्या आवाजात, घरच्यासारखा म्हणाला, "मॅडम, पट्टीत तीनच शब्द बसतात. डावपेच कुठं घालू?"

तिसऱ्या दिवशी काकाजींनी राजीनामा दिला.

मी धावत क्लबच्या खोलीवर गेले. सचिव खुर्चीवर बसून कुलपाला तेल देत होते. मी म्हटलं, "स्वीकारू नका. ती मागणी चर्चेसाठी होती."

"चर्चेसाठी?" ते म्हणाले. "लेखी आहे ना. जाड टाइपात आहे."

"पहिल्या दोन मागण्यांवर बोला ना तुम्ही."

"कमिटीनं मंजूर केला बी. पाच मिनिटं नाई लागले. तुमच्याचसाठी केलं ना बापा! आता खूश राहाल का नाही?"

आठवड्यानं क्लबच्या लेटरहेडवर मला उत्तर आलं. आयुष्यात मी इतकी निवेदनं दिली, कोणाचं असं वेळेवर उत्तर आलं नव्हतं. "आपल्या पत्रकातील मागणी क्रमांक ३ मान्य करण्यात आली आहे. मागणी क्रमांक १ व २ विचाराधीन आहेत. तरी आंदोलन मागे घ्यावे, ही विनंती." खाली शिक्का. मी तो कागद ताईंना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "अगं, पण तिसरी कोणी मान्य करतं का कधी?"

चॅनलला मी फोन केला. म्हटलं, माझी राजीनाम्याची मागणी मी जाहीरपणे मागे घेते, तेवढं लावा. तिकडून विचारणा झाली, "यात बातमी काय आहे मॅडम?" त्या आठवड्यात त्यांच्याकडे रस्त्यातल्या खड्ड्यावरून कोणाचा तरी विश्वासघात चालू होता.

म्हणून मी बेसाला गेले. काकाजी परत यावेत, एवढंच मला हवं होतं. कमिटीला मी वाकवलं असतं, वस्तीच्या सह्या आणल्या असत्या. ते माझं काम आहे. पण त्यांनी हो म्हणायला हवं होतं. नव्या इमारती, अर्धा रस्ता सिमेंटचा, अर्धा मुरमाचा. बिल्डिंगखाली त्यांची स्कूटर कव्हर घालून उभी होती. मुलीनं दार उघडलं, मला ओळखलं, आणि आत गेली. मग काकाजी आले. इस्त्रीचा शर्ट. दुपट्टा नाही.

"या," ते म्हणाले. "बसा."

मी मागे वळून पाहिलं, माझ्यामागून आणखी कोण आलं म्हणून. कोणी नव्हतं.

"काकाजी, मी आहो."

"हाव, दिसलं ना. बसा तुम्ही. चहा घ्याल?"

सहा वर्षांत या माणसानं मला वं सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. भर मैदानात, सगळ्या पोट्ट्यांसमोर, 'काय वं, आज मोर्चा नाही का?' अशी हाक मारली होती. शिव्या खायची मी तयारी करून गेले होते. उलट काय बोलायचं तेही ठरवलं होतं. या 'तुम्ही'ची तयारी मी केली नव्हती.

मी सांगायला लागले. मागण्या तीन कशा असतात, तिसरी कशी सोडायची असते. ते मन लावून ऐकत होते, खेळाडू दुखापत सांगताना ऐकायचे तसे.

"म्हणजे लिहाचं," ते म्हणाले, "पण पाहिजे नाही, असं?"

"हाव."

"मंग वाचणाऱ्याले कसं समजन?"

"समजते काकाजी. सगळ्यायले समजते. साहेब लोकायले तर पहिले समजते."

"मी कुठं साहेब आहो?"

 ते उठले, टीव्हीखालच्या खणातून माझं पत्रक काढलं. घडीवर घडी घातलेलं. "मले अर्ज लिहिता येत नाही," ते म्हणाले. "नोकरीत कधी राजीनामा देल्ला नाही ना. मंग तुमच्यातूनच उतरवलं. 'नैतिक जबाबदारी स्वीकारून.' पोरीनं म्हटलं, बाबा हे काय लिहिता. म्हटलं, बरोबर आहे, असंच लिहितात. चांगलं लिहिलं होतं तुम्ही."

'नैतिक जबाबदारी' हे शब्द मी शंभर पत्रकांत वापरले असतील. हात आपोआप लिहितो. कोणी ते शब्द आपल्या अक्षरात उतरवून, त्यांखाली सही करून, बेसाहून उत्तर नागपूरपर्यंत स्कूटरवर नेऊन देईल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मी तुम्हाला भ्याड म्हटलं नव्हतं," मी म्हटलं. "डावपेचांना म्हटलं होतं. त्यांनी शब्द गाळला."

"ते डावपेच दुसऱ्या कोणाचे होते का?" काकाजी हसले. "पंचवीस मिनिटं उरली होती. मले वाटलं, हे एक आहे ते जाईन.  हाव, भ्यालो मी. नऊ नंबर ठेवाले पाहिजे होता. तुम्ही खरं लिहिलं."

जाळीमागून सहा वर्षं मी हेच ऐकायला ओरडत होते. की पुढचा खेळाडू पुढे ठेवायला हवा होता. ते मला त्या सोफ्यावर, चहाच्या कपासमोर मिळालं, आणि मला ते परत द्यावंसं वाटलं. मी म्हटलं, "मंग परत या ना. चुकतात लोक. मी दुसरं पत्रक काढते. एकच मागणी ठेवते, तुम्हाला परत आणायची. खरीखुरी."

"नका काढू," ते म्हणाले. रागानं नाही. "एक वाचलं. बस झालं."

मुलगी आतून म्हणाली, "बाबा, शाळा सुटायची वेळ झाली." नातवाला आणायला जायचं म्हणून ते चप्पल शोधायला लागले. मी उठले.

नवा हंगाम सुरू झाला, खालच्या गटात. नवा कोच तिशीतला आहे. आघाडी घेतली तरी पुढचे दोघं पुढेच ठेवतो. माझी पहिली मागणी, विचाराधीन असलेली, अशी आपोआप पूर्ण झाली. नळ अजून नाही. पहिली मॅच आम्ही चार–दोन जिंकलो. असं खेळावं म्हणून मी घसा फोडला होता, तसंच खेळले पोट्टे. चौथा गोल नऊ नंबरनं मारला आणि लोक जाळीवर चढले. मी खाली उभी होते. माझ्या तोंडून आवाज निघेना. आपला कोणी बॉल घेऊन सुसाट पुढे गेला की मागून ती हाक येईल म्हणून माझे कान तिकडे, आणि ती येत नव्हती. तिच्याविरुद्ध ओरडायचीच मला सवय होती. नुसतं ओरडणं मला येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मॅच संपल्यावर मी फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला.

"काकाजी, जिंकलो. चार मारले."

 मागे कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी विचारलं, "खाल्ले किती?"

"दोन."

"दोन," ते म्हणाले.  मला वाटलं आता काही तरी येईल. मागच्या कोणत्या तरी पोट्ट्याला शिवी, घर उघडं टाकलं म्हणून. मी कानाला फोन घट्ट धरून उभी होते. शिवीची इतकी वाट मी कधी पाहिली नसेल.

"बरं झालं," ते म्हणाले. "ठेवता का तुम्ही? जेवाले बसत होतो."

"पुढच्या रविवारी आहे मॅच. याल का?"

"पाहू," ते म्हणाले.

आमच्याकडे पाहू म्हणजे नाही. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मैदानात पोरं कॉर्नरचे झेंडे तसेच टाकून नाचत होती.